शेणकिड्याच्या पाठीवरील उतारू

पावसाळा सुरू झाला म्हणजे ताज्या शेणाच्या ढिगाखालीं काळे शेणकिडे दिसूं लागतात. त्यांतील एखादा उचलून उताणा केला, तर त्याच्या पोटाशीं व पायांच्या सांध्यांत तांबूस-पिंगट रंगाचे, खसखशीच्या दाण्याएवढे जीव हालतांना दृष्टीस पडतात. हीं गोचिडांचीं पिलें असून पुढें जनावरांच्या अंगावर चढणार, असा समज होणें साहजिक आहे. परंतु तो खरा नाहीं. आणि त्या समजुतीनें गोठ्यांत विषारी औषध मारलें, तर लाभाऐवजीं हानि पदरीं येते. म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हे जीव कोळीवर्गांतील होत. भेंडी-वांग्याच्या पानांवरील लाल कोळी, जनावरांवरील गोचीड व हे उतारू हीं एकाच मोठ्या कुळांतील दूरचीं भावंडें आहेत. गोचिडाचें नवें पिलूं सहा पायांचें असतें. तें गवताच्या शेंड्यावर बसून जनावराची वाट पाहतें, शेणकिड्याच्या पाठीवरून येत नाहीं. उलट हा उतारू शेणांतच जन्मतो व शेणांतच पोट भरतो. त्याची अडचण एवढीच कीं, शेण चार-आठ दिवसांत वाळून जातें. पंख नाहींत, पाय इवलेसे. दुसरें ताजें शेण गांठावें कसें? ज्याला तें अचूक हुडकतां येतें त्या शेणकिड्याची किंवा माशीची पाठ धरणें, हा उपाय निसर्गानें त्यास शिकविला आहे. पिएर लेन या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें 1896 सालीं या प्रकारास 'फोरेसी' असें नांव दिलें. वाहनाचें रक्त शोषणें हा येथें हेतु नसतो. मुक्कामाचें ठिकाण आलें कीं उतारू खालीं उतरतो.

धरून बसण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या आहेत. कांहीं जाति जबड्यानें वाहनाचा केंस पकडतात. कांहींचीं पोरें शरीराच्या मागील टोकांतून चिकट द्रव सोडून त्याचाच देंठ बनवितात व फळ फांदीला लोंबावें तशीं किड्याला लोंबकळतात. आणखी कांहींना प्रवासाच्या अवस्थेंत तोंडच नसतें. पोटाखालच्या चोषकांनीं तीं घट्ट चिकटून राहतात व उतरल्यावर कात टाकून मग खाऊं लागतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें यांतील महत्त्वाची जाति म्हणजे 'मॅक्रोचेलीस'. ही घरमाशीच्या व शेणकिड्याच्या अंगावरून प्रवास करते. प्रवास करणारी बहुधा मादीच असते. ताज्या शेणावर उतरतांच ती माशीचीं अंडीं व नुकत्याच फुटलेल्या अळ्या खाऊं लागते. शेणांतील सूक्ष्म सूत्रकृमीही तिचें भक्ष्य आहे. घरमाशी एका वेळीं 100 ते 150 अंडीं घालते व उन्हाळ्यांत सात ते दहा दिवसांत अंड्याची माशी होते. परंतु या कोळ्याची पिढी अनुकूल उबेंत सुमारें तीन दिवसांतच पुरी होते. शिवाय नर न मिळाला तरी मादी अंडीं घालते व त्यांतून नर निपजतात. त्यामुळें एकटी मादी उतरली तरी वसाहत उभी राहूं शकते. माशीनें ज्याला पाठीवर वाहून आणलें, तोच तिच्या संततीचा काळ ठरतो.

कोल्हापुरांत ही गोष्ट विशेष लागू पडते. रंकाळ्यालगतच्या शिवाजी पेठेसारख्या दाट वस्तींत अजूनही म्हशी बांधलेल्या आढळतात, व दिवाळीच्या पाडव्याला त्या सजवून मिरविण्याची शहराची हौस प्रसिद्धच आहे. परंतु दारांत म्हैस म्हणजे दारांत शेण, आणि शेण म्हणजे माशी. दुधाची स्वच्छता व शेजाऱ्यांचें आरोग्य त्यावरच अवलंबून आहे. पेठेंतील गोठ्याचें शेण आठवड्यांतून निदान दोनदां, शक्य तर रोज, हलवावें किंवा पातळ शेणी थापून उन्हांत वाळवावें. म्हणजे माशीची पिढी पुरी होत नाहीं. शेतांतील खतखड्ड्याची रीत मात्र निराळी. तो उपसतांना तळचा जुना थर थोडा शिल्लक ठेवावा. त्यांतील कोळी नव्या शेणांत लवकर पसरतात. विषारी भुकटी वा फवारा सरसकट खतावर मारूं नये, कारण त्यानें माशीबरोबर तिचा शत्रूही मरतो, आणि माशी उडत येऊन पुन्हां अंडीं घालते. आयव्हरमेक्टिनसारखें औषध टोंचलें असतां त्याचा अंश शेणांत उतरून शेणकिड्यांच्या अळ्यांस कांहीं दिवस बाधतो. म्हणून तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें, जरूर तेव्हांच द्यावें.

तथापि प्रत्येक उतारू मित्रच असतो असें नव्हे. मधमाशीवरील 'व्हरोआ' कोळीही तिच्या अंगावरूनच पोळ्यांत फिरतो, परंतु तो तिच्या शरीरांतील चरबीच्या उतीवर जगतो, हें 2019 सालीं सिद्ध झालें. सह्याद्रींतील आपली सातेरी माशी त्याची जुनी ओळखीची. ती त्याला अंगावरून झाडून टाकते. पाश्चात्य जातीच्या माशीस तें तितकेंसें साधत नाहीं, म्हणून त्या पेट्या पाळणाऱ्यांनीं सावध असावें. तसेंच, अंगावर कोळी आहेत एवढ्यानें भुंगा उपकारक ठरत नाहीं. गेंड्या भुंग्याच्या अळ्या खतांतच वाढतात व भुंगा पुढें नारळाचा शेंडा पोखरतो. खत उपसतांना त्या जाड, वांकड्या अळ्या वेंचून नष्ट कराव्या.

सारांश, कोण कोणाच्या पाठीवर बसला आहे एवढें पाहून भागत नाहीं. उतरल्यावर तो काय खातो तें पाहिलें पाहिजे. येत्या पावसाळ्यांत आमच्या वाचकांनीं एक साधें भिंग घेऊन शेणकिडा पाहावा, आणि औषधाचा डबा उघडण्यापूर्वीं हा प्रश्न स्वतःस विचारावा, अशी आमची विनंति आहे.