उष्टावणानंतरचा दुसरा दिवस



बाळाचे उष्टावण आपल्याकडे मोठ्या हौसेने होते. मामा येतो, बाळाच्या ओठाला खीर लावतो, ओवाळणी होते. पण बाळाच्या वाढीच्या दृष्टीने खरा प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी बाळाच्या वाटीत काय पडते? पुष्कळ घरांत वरणाचे पाणी, नाहीतर भाताची पेज. "लेकरू लहान आहे, जड पचायचं नाही," असे आजीबाई म्हणतात. त्यांची माया खरी, पण हिशेब चुकतो. कसा, ते पाहू.

पहिले सहा महिने आईचे दूध हेच बाळाचे अन्न आणि तेच पाणी. सहा महिने पुरे झाले की ते एकटे पुरत नाही. गर्भात साठवलेले लोह या सुमारास सरत येते, आणि आईच्या दुधात लोह थोडेच असते. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० कॅलरी आणि नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० कॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात.

आता बाळाचे पोट केवढे? सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे लहानसा पेलाभरच मावते. तो पेला पाण्याने भरला तर बाळ गप्प झोपेल, पण अंगी काय लागेल? म्हणून कसोटी साधी आहे: चमचा तिरपा केला तरी जे भरभर ओघळत नाही, ते बाळाचे अन्न.

मऊ वरणभात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी घ्या आणि वर थोडे तूप किंवा तेल घाला. शिजवून घोटलेली पालेभाजी, भोपळा, केळे द्या; चालत असेल त्या घरी नीट शिजवलेले अंडे आणि काटे काढलेला मासाही द्या. पालेभाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळले की तिच्यातले लोह अंगी लागते. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. मग हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये. आईचे दूध मात्र दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे.

घट्ट लापशी बाळाला गिळवत नाही, अशी तक्रार येते. त्याला उपाय आपल्या घरातच आहे. नाचणी भिजवून मोड आणा, सुकवा, हलकी भाजून दळा. घट्ट लापशी चुलीवरून उतरवून गरम असतानाच त्यात हे पीठ लहान चमचाभर ढवळा. मोडांतला पाचक रस पिठूळपणा मोडतो आणि पाणी न घालता लापशी सैल होते. मग एक उकळी काढून, कोमट करून भरवा. मोडाच्या पिठाच्या या गुणाचा अभ्यास बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात केला.

आतड्यांतही या दिवसांत मोठी उलथापालथ होते. केवळ दुधावरच्या बाळाच्या आतड्यात दुधातल्या विशिष्ट साखरांवर जगणारे उपकारक जंतू बहुसंख्य असतात. डाळ-भाजी येऊ लागली की तिचा चोथा पचवणारे दुसरे जंतू वस्तीला येतात. त्यामुळे शौचाचा रंग आणि वास बदलला तर घाबरू नका. दूध चालू असले की हा बदल सावकाश होतो. खरा शत्रू निराळा: न धुतलेले हात, सकाळची शिळी लापशी आणि दुधाची बाटली. यांतून हगवण लागते आणि महिन्याची कमाई चार दिवसांत जाते. वाटी-चमचाच वापरा. हगवणीत अन्न आणि दूध तोडू नका. क्षार-साखरेचे पाणी द्या आणि दवाखान्यात दाखवा. मध वर्षाच्या आत चाटवू नका. त्यातले काही सूक्ष्म बीज कोवळ्या आतड्यात रुजून विष तयार करू शकते.

शिक्षक बंधूंनो, धाकट्या भावंडाला भरवणारी ताई पुष्कळदा तुमच्याच वर्गात बसलेली असते. हात धुणे आणि चमचा तिरपा करून पाहणे, एवढे तिला शिकवा. आणि मातांनो, बाळाचे वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून घ्या. तक्त्यावरची रेघ वर चढत असली तर वाटी बरोबर आहे. आडवी झाली तर आधी वाटीत पाहा, मग वेळ न दवडता डॉक्टरांकडे जा.