झोपेत दात खाणे

मध्यरात्री शेजारच्या अंथरुणावरून करकर असा आवाज येऊ लागला, की घरातील वडीलधारी माणसे तत्काळ निदान करून मोकळी होतात : पोटात जंत झाले असावेत! सकाळी जंतांचे औषध दिले जाते. काही दिवसांनी आवाज पुन्हा येतो आणि औषधही पुन्हा येते. जंतांचा बंदोबस्त करणे केव्हाही इष्टच. २०१५ पासून त्यासाठी जंतनाशक दिन पाळण्यात येतो. परंतु जंतांमुळेच मूल दात खाते, हे सिद्ध झालेले नाही.

या क्रियेचा उगम पोटात नसून मेंदूत आहे. निद्रा रात्रभर सारखीच गाढ नसते. मधूनमधून मनुष्य काही क्षण जागृतीच्या काठाशी येतो. हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू लयीत आवळू लागतात. झोपलेल्याला याचा पत्ताही नसतो. तेव्हा मुलाला दरडावण्यात किंवा चारचौघांत हिणवण्यात काहीच अर्थ नाही. मुलांची ही खोड वय वाढेल तशी बहुधा आपोआप सुटते.

प्रौढांनी मात्र तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दंतवल्क, म्हणजे दाताचे वरचे कवच, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण तो घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, झिजलेला दात भरून येत नाही. दाढांचे उंचवटे सपाट होतात, थंड पाणी झोंबते, भरलेली दाढ चिरते. कित्येकांची कानशिले सकाळी ठणकत असतात आणि ते बिचारे डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतात.

मनावरील ताण, तंबाखू, मद्य, चहा-कॉफीचा अतिरेक यांनी ही खोड बळावते. नैराश्यावरील काही औषधांमुळेही ती जडू शकते. तसा संशय आल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. घोरता घोरता श्वास अडत असेल, तर त्याची तपासणी आधी करून घ्यावी.

वरखालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून ते खाल्ले जातात, असे एकेकाळी दंतवैद्यही मानीत आणि दात कानसून देत. तो उपाय आता मागे पडला, हे बरेच झाले. कानसलेला दातही परत येत नाही. आता दातांच्या मापाचे एक कवच रात्री बसवावयास देतात. त्याने खोड मोडत नाही, पण झीज कवचाची होते आणि दात वाचतात.

दिवसा दात आवळून धरण्याच्या सवयीवर मात्र स्वतःलाच उपाय करता येतो. हिशेब तपासताना, सुईत दोरा ओवताना, गाडी हाकताना अनेकांचे दात नकळत घट्ट मिटतात. वास्तविक, चावताना व गिळताना तेवढे वरखालचे दात एकमेकांना टेकावेत. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे असावेत. मेजावर रंगीत कागदाचा एखादा तुकडा चिकटवून ठेवावा आणि त्यावर नजर जाईल तेव्हा जबडा सैल सोडावा.