मुतखड्यामागची गाठ

नाशिकमध्ये मुतखडा झाला की खापर बोअरच्या पाण्यावर फुटतं. पण वडील, आत्या, मुलगा सगळ्यांनाच तो वारंवार होत असेल, तर रक्तातलं कॅल्शियम तपासावं. ‘मेन-१’ या आनुवंशिक विकारात मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी वाढून कॅल्शियम चढतं. स्वादुपिंडात, पिट्युटरीत गाठी होतात, काहींच्या फुप्फुसातही.

फुप्फुसातली ही ‘कार्सिनॉइड’ गाठ बहुधा संथ वाढते. श्वासनलिकेत असेल तर खोकला, कधी थुंकीत रक्त. आपल्याकडे संशय आधी क्षयावर जातो, आणि त्यात गैर काही नाही. साध्या एक्स-रेत छोटी गाठ निसटते; सीटी स्कॅन हवा.

‘मेन-१’चं दोषी जनुक १९९७ साली ११व्या गुणसूत्रावर सापडलं. ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के, म्हणून रक्ततपासणी भावंडांचीही करतात.