ज्यांच्या घरात डॉक्टर नाही

वर्गाच्या बंद दारावर चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता : ‘तुमच्या शेजारच्या आजी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात. त्या आत बसल्या आहेत. त्यांच्याशी बोला.’ वाचायला दोन मिनिटं, बोलायला आठ. आत आजी म्हणून मी बसले होते. माझी भाची अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. तिथल्या प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या, क्लबला सरावाच्या मुलाखतींसाठी बाहेरची माणसं हवी होती. “मावशी, तू आजी हो, बाकीचं ते बघतील,” एवढंच तिने सांगितलं होतं.

पहिली आली ती विशीतली मुलगी. बसायच्या आधीच बोलायला लागली. रक्तदाब वाढला तर मेंदूला काय होतं, मूत्रपिंडांना काय होतं, सगळं नीट, क्रमाने सांगितलं. अभ्यास पक्का होता. आठ मिनिटं संपली. कोपऱ्यात मोबाईलवर वेळ लावून बसलेला क्लबमधला मोठा मुलगा शांतपणे म्हणाला, “तू त्यांना एकही प्रश्न विचारला नाहीस.” मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, “परत येऊ?” बाहेर गेली, दार वाजवून आत आली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, “एक दिवसाआड का घेता?” उत्तर माझ्या हातातल्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं : गोळ्या महिनाभर पुरवायच्या आहेत, दुसरी बाटली घ्यायला पैसे नाहीत.

अशा छोट्या छोट्या खोल्यांमधून फिरत द्यायच्या मुलाखतीची पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली. आता अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं ती वापरतात. पण ती जमायला हवी हे मुलांना सांगतं कोण?

आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, गुण आले की कॉलेज ठरतं. अमेरिकेत डॉक्टरकी आधीची पदवी घेतल्यानंतर सुरू होते. ‘प्री-मेड’ नावाची पदवी बहुतेक ठिकाणी नसतेच. तो मुलाने मनाशी केलेला निश्चय असतो. संगीत घ्या, इतिहास घ्या, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसकट झालेलं हवं. ही घडी बसवली १८९३ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजने आणि पक्की केली १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने. अब्राहम फ्लेक्सनरने १५५ मेडिकल कॉलेजं पाहिली आणि त्यातली कितीतरी बंद करण्याच्या लायकीची ठरवली. शिक्षण सुधारलं हे खरंच. पण कृष्णवर्णीयांसाठीच्या सात कॉलेजांपैकी पुढे दोनच उरली, हॉवर्ड आणि मेहॅरी. तो घाव अजून भरलेला नाही.

मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा. २३० प्रश्न, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास, गुण ४७२ ते ५२८ च्या मधे. दरवर्षी पन्नास हजारांवर मुलं अर्ज करतात आणि निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो. हे सगळं छापील आहे, कुणालाही वाचता येतं. अडतं ते न छापलेल्या गोष्टींपाशी. डॉक्टरच्या मागे मागे राहून त्याचं काम बघायचं, ज्याला ‘शॅडोइंग’ म्हणतात, ते कुणाला विचारून मिळतं? शिफारसपत्र प्राध्यापकाकडे कधी मागायचं? अर्ज जूनमध्येच का पाठवायचा आणि सप्टेंबरपर्यंत थांबलं तर काय होतं? ज्या घरात आई किंवा बाबा डॉक्टर आहेत तिथे हे जेवताना बोलण्यातून कळतं. तिथल्या मुलाला आपल्याला काही वेगळं मिळालंय याचा पत्ताही नसतो. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेली मुलगी मात्र तिसऱ्या वर्षी जागी होते, तोवर उशीर झालेला असतो.

क्लबचं खरं काम इथे आहे. प्री-मेड विद्यार्थ्यांच्या संघटना जुन्या आहेत. ‘अल्फा एप्सिलॉन डेल्टा’ अलाबामा विद्यापीठात १९२६ साली सुरू झाली. आज बहुतेक विद्यापीठांत असा एखादा तरी क्लब असतो. सगळेच चांगले नसतात. काही ठिकाणी अर्जात लिहायला पद मिळावं एवढ्यासाठी माणसं येतात, आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष वाढत जाऊन सभासद कमी पडतात. मला हा क्लब आवडला तो एका जाड फाईलमुळे. मुलं ती पिढ्यान्‌पिढ्या पुढच्यांच्या हाती देत आली आहेत. विद्यार्थ्यांना सोबत येऊ देणाऱ्या डॉक्टरांची त्यात यादी आहे. प्रत्येक नावापुढे वेगवेगळ्या अक्षरांत नोंदी : सकाळी साडेसहाला या, फोन करू नका, ई-मेल करा, बूट बंद हवेत. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत बसचा नंबर. गाडी नसलेल्या कुणीतरी तो पहिल्यांदा लिहिला असणार आणि पुढच्यांनी ती रीत सांभाळली. या बसच्या नंबरात मला अख्खा क्लब दिसला.

मुलाखतींच्या मधल्या वेळात पुढच्या टेबलावर दोघं जण एका मुलाच्या अर्जातल्या निवेदनाची काटछाट करत होते. ‘मला डॉक्टर का व्हायचंय’ हे ५३०० अक्षरांत लिहायचं असतं, मोकळ्या जागाही धरून. तिथे बसल्या बसल्या मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला त्यांनीही आपण का शिकायला आलो ते पत्राने कळवलं होतं. तेव्हा ना आधीची पदवी लागे ना एमकॅट. पण वाट दाखवणारं माणूस तेव्हाही लागलंच. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे नंबर यायची वाट बघताना एका मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा पत्रव्यवहार वाचला, आपणहून पत्र लिहिलं आणि पुढे आनंदीबाईंना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. ते कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं.

त्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्याच ड्रेक्सेल घराण्यातल्या कॅथरीन या ननने न्यू ऑर्लिन्समध्ये १९२५ साली झेवियर युनिव्हर्सिटी उभी केली, कृष्णवर्णीय मुलांसाठी. तीनेक हजार विद्यार्थ्यांची ही संस्था. तरी कितीतरी वर्षं कृष्णवर्णीय पदवीधरांना मेडिकलला पाठवण्यात ती देशात सर्वांच्या पुढे राहिली आहे. १९७० च्या दशकात जे. डब्ल्यू. कारमायकल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने तिथे प्री-मेडचं काम हाती घेतलं. मुलांना चाळून काढायला इतर ठिकाणी जे रसायनशास्त्र वापरतात, तेच तिथल्या शिक्षकांनी मुलं टिकावीत अशा बेताने नव्याने बांधलं. सगळ्या तुकड्यांना सारखा अभ्यासक्रम, सराववह्या, नेमाने चाचण्या, आणि अभ्यास गटात करायचा. ज्याला येतं त्याने शेजाऱ्याला समजावायचं. २००५ मध्ये कत्रिना वादळात हा सगळा परिसर पाण्याखाली गेला होता. पुढच्या जानेवारीत वर्ग पुन्हा भरले.

प्रवेशाच्या जागा मोजक्या, म्हणून शेजारचा तो स्पर्धक, हा हिशेब मुलांच्या डोक्यात कुणीतरी फार लवकर घालतं. अर्ज देशभरातून येतात. शेजारच्याला बसचा नंबर न सांगून आपली जागा काही वाढत नाही.

संध्याकाळी शेवटचा मुलगा यायचा होता तेव्हा मी दमले होते. ती पहिली मुलगी घरी गेली नव्हती, भिंतीला टेकून बाकीच्यांचं ऐकत होती. “मी बसू का?” तिने विचारलं. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि खुर्ची मोकळी केली. तिने चिठ्ठी वाचली, घडी करून मुठीत धरली, स्वेटर खांद्यांवर ओढून घेतला. दारावर टकटक झाली.

“या,” ती म्हणाली, आजींच्या आवाजात.