औषध खाजेचे, डुलकी गाडीवर!

सोयाबीन काढणीचा हंगाम आला की आमच्या दवाखान्यात शिंका, वाहणारे नाक आणि अंगाला खाज अशा रुग्णांची रीघ लागते. थ्रेशरची धूळ, दुसरे काय! काही वर्षांपूर्वी असाच एक ट्रॅक्टरचालक आला. मी ॲलर्जीचे इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या. घरी कसा जाणार, हे मात्र विचारले नाही. गडी तसाच ट्रॅक्टर घेऊन मेडशीकडे निघाला आणि घाट लागण्याआधीच रस्त्याकडेच्या नालीत उतरला. हाताच्या हाडावर निभावले. "डोया लागला जी, डाक्टर सायब," एवढेच तो म्हणाला. चूक माझी होती. तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारतो, गाडी चालवता का?

खाज आणि शिंका आणणारे हिस्टामाइन हेच रसायन मेंदूला जागे ठेवण्याचेही काम करते. फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन ही जुनी औषधे मेंदूत शिरून तिथेही त्याला अडवतात. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल कधी कधी सकाळीही उरतो. पेंग जाणवली नाही तरी ब्रेकवर पाय उशिरा जातो, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे गेलेली असते! सेटिरिझिनने झोप कमी येते, पण काहींना येतेच. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही. ज्यांचे पोटच स्टिअरिंगवर आहे, त्यांनी डॉक्टरांना तसे सांगून औषध बदलून घ्यावे.

अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, कोडीनचे खोकल्याचे औषध यांचेही तसेच. वर दारू घेतली तर विचारूच नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली की गुन्हा होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मधुमेहींची गोष्ट निराळी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी निघालात तर वाटेत साखर उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी गाडी कडेला घ्या, तीन-चार चमचे साखर पाण्यातून प्या, मग पोटभर खा. बरे वाटले तरी लगेच निघू नका. मेंदू पुरता ताळ्यावर यायला पाऊण तास लागतो. आणि या भीतीने गोळी मात्र परस्पर बंद करू नका, बरे का!