मानसोपचारकाची निवड आणि उपचारक बदलण्याचा प्रश्न

मानसोपचाराच्या कोणत्या पद्धतीचा अवलंब करावा, याविषयी पंथापंथांत दीर्घकाळ वाद चालला. परंतु एखाद्या रुग्णाने एखाद्या उपचारकाकडे राहावे की त्याला सोडावे, हा प्रश्न बहुधा उपचारकाच्या सद्भावावरच सोपविला गेला. रुग्णाच्या दृष्टीने पाहता मात्र हाच प्रश्न अधिक निकडीचा असतो.

निरनिराळ्या पद्धतींना येणाऱ्या यशामागे काही समान घटक असावेत, असे प्रतिपादन सॉल रोझेन्झ्वाइग याने १९३६ मध्येच केले होते. एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ मध्ये उपचारक व रुग्ण यांच्या सहयोगाचे तीन भाग पाडले : साध्याविषयी एकवाक्यता, त्यासाठी करावयाच्या कामाविषयी एकवाक्यता आणि परस्परांविषयीचा विश्वास. ‘सूर जुळणे’ म्हणून जे म्हटले जाते ते यांपैकी केवळ तिसरे होय. परीक्षेच्या धास्तीने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांत परीक्षेस बसावयाचे आहे आणि उपचारक त्याच्या बालपणाचा शोध घेऊ इच्छितो. अशा वेळी दोघांत कितीही जिव्हाळा असला तरी सहयोग अपुराच राहतो. फ्ल्यूकिगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सहयोग आणि उपचाराचे फलित यांतील सहसंबंध सुमारे ०.२८ आढळला. हा आकडा मोठा नव्हे. तथापि निरनिराळ्या पद्धतींच्या उपचारांत तो सातत्याने दिसून येतो, हे त्याचे महत्त्व.

यावरून पद्धत गौण ठरते, असे मात्र मानता कामा नये. हात पुनःपुन्हा धुण्यासारख्या सक्तीच्या कृतींनी पछाडलेल्या रुग्णाला, भीतीला सामोरे जाऊन ती कृती टाळण्याचा सराव देणारा उपचारक हवा. केवळ सहृदय श्रोता तेथे पुरत नाही. अर्हतेची चौकशी तर प्रथमच करावी. भारतात मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद १९९२ च्या अधिनियमाखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अगदी निरनिराळ्या तयारीच्या व्यक्ती लावतात.

खरी अडचण पुढे येते. उपचार चालू असता रुग्णाला वाईट वाटू लागले, तर ते उपचाराच्या कामाचे दुःख की उपचार फसल्याचे चिन्ह? दडपलेला शोक वर येऊ लागला, टाळलेल्या गोष्टीस सामोरे जावे लागले, की काही काळ त्रास वाढतो. त्याच वेळी उपचार सोडणे म्हणजे ऐन कामातून उठणे होय. परंतु याच युक्तिवादाच्या आधारे निष्फळ उपचारही वर्षानुवर्षे चालू ठेवता येतो, ही त्यातील गोम आहे. यांतील भेद काही अंशी ओळखता येतो. कामाच्या दुःखाला विषय असतो, ते कशासाठी सोसावयाचे हे दोघांनाही सांगता येते आणि बैठकीबाहेरच्या जीवनात कोठे तरी हालचाल दिसते. बैठकीत काय बोलावे हेच सुचत नाही, उपचारकाला बरे वाटावे म्हणून सुधारणेची वर्णने रचली जातात, साध्य काय होते ते दोघांनाही आठवत नाही, अशी स्थिती महिनोन्‌महिने राहिली तर ते दुसऱ्या जातीचे होय.

याबाबतीत उपचारकाच्या अंदाजावर विसंबून राहता येत नाही. हॅनन, लॅम्बर्ट प्रभृतींनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५० रुग्णांपैकी ४० जणांची स्थिती खालावली. उपचारकांनी असे भाकीत केवळ ३ जणांविषयी केले होते आणि त्यांतील एकच खरे ठरले. म्हणून प्रत्येक बैठकीपूर्वी छोटी प्रश्नावली भरून घेण्याची प्रथा रूढ होऊ लागली. ज्या उपचारकाला असे मोजमाप अपमानास्पद वाटते, त्याच्याविषयी रुग्णाने अवश्य विचार करावा.

आपल्याकडे यात आणखी एक गुंतागुंत आहे. गुरु-शिष्य नात्यात उपचाराचा एक नमुना सापडू शकेल, असे जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये सुचविले. त्या नात्यातील श्रद्धा उपचारास बळ देते हे खरे. परंतु गुरूला सोडणे हा जेथे कृतघ्नपणा मानला जातो, तेथे रुग्ण उपचारकाजवळ नाराजी बोलून न दाखविता गुपचूप येणे बंद करतो. वास्तविक ती नाराजी उघड बोलणे हीच पहिली पायरी होय. सहयोगात पडलेले तडे सांधण्याच्या प्रक्रियेचा सफ्रान व म्युरन यांनी विस्ताराने अभ्यास केला आहे; तडा सांधला गेला तर उपचार पुष्कळदा अधिक दृढ होतो. उपचारक ऐकून घेतो की रुग्णालाच दोष देतो, हे त्या एका संभाषणात कळते. गोपनीयतेचा भंग वा लैंगिक सलगी घडल्यास मात्र असल्या संभाषणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

उपचारक बदलताना शक्य तर एक समारोपाची बैठक घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. त्या मागून घेऊन नव्या उपचारकाकडे द्याव्यात. औषधे चालू असल्यास नव्या तज्ज्ञाची भेट होईपर्यंत ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.