कुऱ्हाडीची निशाणी आणि दहा हजार वंशज

झाकारी क्लुतिए हा फ्रान्सच्या पेर्श प्रांतातला सुतार १६३४ साली क्वेबेकला आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून कागदपत्रांवर सहीच्या जागी तो कुऱ्हाडीची आकृती काढी. अशा माणसाचा वंश पुढे कोणाला सापडावा? पण मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा १८०० सालापूर्वी विवाह झालेले त्याचे १०,८५० वंशज नोंदींत सापडले!

फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लेनने १६०८ मध्ये क्वेबेक वसवले, तरी वस्ती फार हळू वाढली. १६६६ च्या जनगणनेत साऱ्या वसाहतीत जेमतेम ३,२१५ फ्रेंच माणसे भरली. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने सुमारे ८०० तरुणी लग्नासाठी स्वखर्चाने धाडल्या. तिथल्या मूळनिवासी इरोक्वाय लोकांशी लढायला १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतले सुमारे ४०० शिपाई तिथेच स्थायिक झाले. आजच्या लाखो फ्रेंच कॅनेडियनांची मुळे अशा थोड्याशा घरांत आहेत.

ही मुळे सापडतात ती चर्चच्या नोंदवह्यांमुळे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद पाद्री ठेवत असे. १६४० मध्ये क्वेबेकचे चर्च आगीत जळाले आणि वह्याही गेल्या. तेव्हा पाद्र्यांनी जुन्या नोंदी आठवून आठवून पुन्हा लिहून काढल्या. पुढे १६६७ च्या राजाज्ञेनुसार दोन प्रती ठेवण्याचा नियम झाला आणि १६७९ पासून तो वसाहतीतही लागू झाला. एक प्रत चर्चमध्ये, दुसरी सरकारदरबारी. एक वही उंदरांनी किंवा आगीने खाल्ली, तरी दुसरी उरण्याची आशा राहिली.

या वह्यांत सर्वांत मोलाची नोंद विवाहाची. तिच्यात वधूवरांच्या आईवडिलांची नावे येत आणि पहिल्या पिढीचा माणूस असेल तर फ्रान्समधले त्याचे मूळ गावही बहुधा सापडे. शिवाय स्त्रीची नोंद लग्नानंतरही माहेरच्याच नावाने होई. एका लग्नावरून तिच्या आईवडिलांच्या लग्नाकडे, तिथून आजीआजोबांच्या लग्नाकडे जाता येते. पणजीच्या पणजीचे माहेर शोधणाऱ्याला याहून मोठे वरदान कोणते?

अडचणी मात्र आहेत. शिपायांना पलटणीत टोपणनावे मिळत: लाफ्लर, सां-सुसी, लातुलीप. मूळ आडनावाला जोडून ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. मग एका भावाची मुले मूळ नावाने, तर दुसऱ्याची टोपणनावाने ओळखली जाऊ लागली. दोन्ही नावे धरून शोध घेतला नाही, तर वंशाचा धागा मधेच तुटतो.

सिप्रियाँ तांगे या पाद्र्याने वह्या चाळून १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळीचा कोश छापला. हाताने केलेल्या त्या कामात चुका राहिल्याच, तरी त्या चिकाटीपुढे मान झुकते. १९६६ पासून मॉन्ट्रियल विद्यापीठाने संगणकाच्या साह्याने तेच काम नव्याने हाती घेतले आणि एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र जोडल्या. क्लुतिएच्या वंशजांचा आकडा त्यातूनच निघाला.

आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातल्या अकेडियन या फ्रेंच वसाहतकऱ्यांचे नशीब वेगळे. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांची हकालपट्टी सुरू केली. घरे जळाली, कुटुंबे दूरदूर फेकली गेली, बहुतेक वह्या नाहीशा झाल्या. त्यांतली काही कुटुंबे १७६५ मध्ये फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवण्यात आली. १७६७ मध्ये ब्रिटनी प्रांताच्या न्यायपीठाच्या हुकमावरून कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपापली वंशावळ सांगितली: मूळ पुरुष फ्रान्समधून आला तिथपासूनची नावे, लग्ने, आणि पांगलेले भाऊबंद आता कुठे आहेत तेही. या जबान्या आज अकेडियन वंशशोधाचा मोठा आधार आहेत. ग्राँ-प्रे गावच्या चर्चची वही मात्र निर्वासितांबरोबर थेट लुइझियानात पोचली. ती आता बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात आहे.